चिलखतातली खोली

१

दुबईत देऱ्याला, खाडीपासून दोन गल्ल्या आत, लियाकतचा फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओत कोट एकच होता. काळा, जाड लोकरीचा, कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या मापाचा. रत्नागिरी-कुलाब्याकडून आलेला आपला माणूस दोन महिन्यांत जरा सावरला, की त्याला घरी फोटो पाठवायचा असे. आणि फोटो म्हटला की कोट आलाच. मग तो खलाशी असो, हमाल असो, नाहीतर कुणा शेखच्या घरी भांडी घासणारा असो. बदरुद्दीन मागे उभा राहून कोट त्याच्या अंगावर चढवायचा, ढिला भाग पाठीशी गोळा करून कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावायचा आणि म्हणायचा, "यल्ला, आता हलायचं नाही. पुढून साहेब आहेस, मागून दोरीवरचं धुणं."

एकट्या साखरतर गावात सात घरांच्या भिंतींवर तो कोट काचेच्या फ्रेमीत बसलेला होता. वरचं तोंड तेवढं वेगळं. पण प्रत्येक घराला वाटे, आपला माणूस कोटात आहे म्हणजे बरा आहे. त्याला काही होत नाही.

बदरुद्दीनचं खरं काम कोट उतरवल्यावर सुरू व्हायचं. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून डोळ्यांखालची काळोखी घालवायची, बसलेले गाल भरायचे, ओठांना चिमूटभर लाली द्यायची. मुंबईत ग्रँट रोडला सिनेमाचे बोर्ड रंगवून त्याचा हात बसलेला. वय बेचाळीस, लग्न राहून गेलेलं, बोलणं कमी. श्रीवर्धनचा लियाकत मालक असूनही त्याला 'मास्टर' म्हणायचा, कारण फोटो लियाकत काढी आणि माणूस बदरुद्दीन करी.

चौसष्ट सालच्या ऑगस्टात एक दिवस शारजाहून जीप आली. तिच्यातून मिसेस लँगली नावाची म्हातारी होत चाललेली इंग्रज बाई उतरली आणि तिच्यामागून घोंगडीत गुंडाळलेलं एक मोठं चित्र. नवरा तिकडच्या विमानतळावर इंजिनिअर. चित्र तिच्या माहेरच्या घराण्यातलं, तीनशे वर्षांपूर्वीचं. इथल्या दमट हवेने रंगाला फोड येऊ लागले होते, म्हणून अस्सल चित्र बोटीने विलायतेला पाठवायचं आणि इथल्या भिंतीसाठी नक्कल करून घ्यायची, असा तिचा बेत होता.

घोंगडी सुटली. काळोख्या पार्श्वभूमीवर कमरेपर्यंतचा एक तरुण सरदार, गळ्यापासून मनगटापर्यंत लोखंडात बंद. एक हात बाजूच्या शिरस्त्राणावर टेकलेला, दुसऱ्यात सेनापतीची आखूड काठी. लियाकत म्हणाला, "या उन्हाळ्यात हा गडी शिजला असता, मास्टर." बदरुद्दीन हसला नाही. तो लोखंड बघत राहिला होता.

२

मिसेस लँगलीची उमर पुण्याच्या छावणीत गेलेली, त्यामुळे तिला मोडकंतोडकं हिंदी येई. बदरुद्दीनने विचारलं, "मेमसाब, ये लोहा पहन के लड़ाई में जाता था?"

"नहीं, मास्टर. तब तक बंदूक आ गया था. गोली लोहे को फाड़ देता था. ये सिर्फ तस्वीर के लिए."

"फिर पहना काहे को?"

"देखनेवाला समझे, इस आदमी को कुछ नहीं हो सकता." मग तिने बोट फिरवत एकेक खूण समजावली. टोप खाली काढून ठेवलाय, म्हणजे भय नाही. काठी हातात, म्हणजे फौज हुकमात. छातीच्या पत्र्यावर उजवीकडे एक खोलगट खळी होती. ती लढाईतली नव्हती. चिलखत बनवणारा स्वतःच एक गोळी झाडून पत्रा पारखायचा आणि ती खळी तशीच ठेवायचा, घेणाऱ्याची खात्री पटावी म्हणून.

"ये लोहा भी इसका नहीं," ती म्हणाली. "पेंटर के पास एक रहता था. जो आया, उसको पहनाया."

आता मात्र बदरुद्दीनला हसू आलं. त्याने खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. तीनशे वर्षांपूर्वीचा तो चित्रकार आपल्याच धंद्यातला निघाला, म्हणून त्याला अगदी बरं वाटलं.

"और सच बोलूँ, तो ये आदमी तस्वीर के पहले मर गया था. छावनी में बुखार. इकतीस साल का. बीवी ने बाद में बनवाया. मुँह छोटे स्केच से, बदन किसी और का." बाईने चित्राच्या कडेवरची धूळ पुसली. "बीवी चालीस साल इसके सामने बैठा. रोज."

बदरुद्दीनच्या तोंडचं हसू मावळलं. त्याने घाईघाईने घोंगडीची घडी केली आणि चित्र कधी हवं ते विचारलं.

३

दुपारी एक ते चार सगळा बाजार बंद असे. लियाकत वरच्या खोलीत, वारा खाली ओढणाऱ्या मनोऱ्याखाली झोपायचा. खाली स्टुडिओत बदरुद्दीन एकटा. समोर चित्र टेकवायचे दोन घोडे, एकावर अस्सल, दुसऱ्यावर कोरं कॅनव्हास. उजेडाला वरचा झरोका. मागे गल्लीकडचं बुटकं दार, त्याला निळा पडदा, अर्धा वर खोचलेला.

लोखंड रंगवायला करडा रंग चालत नाही, हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं. लोखंडाला स्वतःचा रंग नसतो. समोर असेल ते त्यात उतरतं: थोडा तपकिरी, थोडा निळा आणि एका जागी पांढऱ्याचा ठिपका. त्या छातीच्या पत्र्यात चित्रकाराने आपली सगळी खोली उतरवली होती. डावीकडे वाकडी झालेली खिडकी, खाली जमीन आणि पार मागे अंगठ्याच्या नखाएवढं एक दार. बदरुद्दीन रिटचिंगचं भिंग डोळ्याला लावून एकेक रेघ उचलत होता.

तिसऱ्या दुपारी त्याला दाराशी एक उभी काळी रेघ दिसली. तडा असेल, असं म्हणून त्याने ती नकलेत घेतली नाही. चौथ्या दुपारी पाहतो तर ती रेघ त्याच्या नकलेतही होती. आपलाच हात, दुसरं कोण? झोपेत लोक चालतात, जागेपणी हात चालला असेल. त्याने ती टर्पेंटाईनने पुसली.

पाचव्या दुपारी त्या नखाएवढ्या दाराला पडदा होता. निळा. अर्धा वर खोचलेला.

बदरुद्दीन सावकाश मागे वळला. दार होतं, पडदा होता, गल्लीत ऊन होतं. माणूस नव्हता. आरशाला समोरचं दिसतं, चित्राला दिसत नाही, हे पोरसोरही सांगेल. त्याने वर जाऊन लियाकतला हलवलं आणि खाली आणून भिंग त्याच्या हाती दिलं.

लियाकतने बराच वेळ पाहिलं. "खिडकी आहे. मस्त आहे."

"आणि दार?"

"दार कुठलं? काळोख आहे मागे. मास्टर, दुपारचं जरा पडत जा. रंगाचा वास डोक्यात जातो."

हेही खरंच होतं. बदरुद्दीनने मान डोलावली. पण लियाकत जिना चढून गेल्यावर त्याला एक आवाज ऐकू येऊ लागला. टप. बऱ्याच वेळाने पुन्हा टप. निगेटिव्ह धुवायचा ट्रे त्याने रिकामा केला, माठ उचलून बाहेर गल्लीत ठेवला. आवाज चालूच राहिला, आणि तो पडद्याच्या अलीकडून येत होता.

४

त्याच आठवड्यात डाकेच्या बोटीने रुकय्याचं पत्र आलं.

रुकय्या म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, वलीची बायको. आईबाप लवकर गेले. वलीला बदरुद्दीननेच लहानाचा मोठा केला, त्याचं लग्न लावलं आणि साठ साली इकडे बोलावून घेतलं. परवान्याचा पत्ता नव्हता. तेव्हा सगळे यायचे तसाच वली लाँचने निघाला. ही लाँच रातोरात माणसं खोरफक्कानच्या बाजूला किनाऱ्यालगत उतरवून पळायची आणि लोक डोंगर तुडवत दुबई गाठायचे.

लाँच खोरफक्कानसमोर दिसल्याचा निरोप आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी डाकेची बोट सुटणार होती. पुढची पंधरा दिवसांनी. आपल्या लोकांत रीतच पडली होती: माणूस पोचायच्या आधीच पोचल्याचं पत्र टाकून द्यायचं, नाहीतर घरचे पंधरा दिवस जीव मुठीत धरून बसतात. बदरुद्दीनने लिहिलं, 'वली सुखरूप पोचला. काळजी नसावी.' बोट गेली. तीन दिवसांनी त्याच लाँचमधला जहूर रक्ताळलेल्या पायांनी एकटाच आला आणि दाराशी बसून रडला.

तेव्हाच दुसरं पत्र टाकायला हवं होतं. टाकलं नाही. पंधरा दिवसांनी टाकू म्हणाला, मग ईदनंतर टाकू म्हणाला. एकदा सुखरूप लिहिलेल्या माणसाला मारायचं कसं, ते त्याला जमेना. वलीला लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे पत्र थोरल्याच्या हातचं येतं याचं कुणाला नवल वाटलं नाही. रुकय्याने फोटो मागितला. बदरुद्दीनने लियाकतला कोटात बसवून 'लाइट बघायला' म्हणून एक फोटो काढून घेतला, त्याचं तोंड खरवडून काढलं आणि तिथे लग्नाच्या फोटोतला वलीचा चेहरा बसवला. पुढे दरवर्षी एक. दरवर्षी गाल जरा भरायचे, कानशिलाशी एखादा केस पांढरा करायचा. भाऊ त्याच्या हाताखाली वयाने वाढत होता. त्या कामाच्या वेळी त्याला फार सुख व्हायचं, आणि त्या सुखाची त्याला मरणाची लाज वाटायची.

पत्र शेजारच्या सायराच्या हातचं होतं. ती शाळेत गेलेली. रुकय्याने सांगितलं ते तिने जसंच्या तसं उतरवलं होतं.

'भाई, सलाम. चार वर्षं झाली. मी अठ्ठावीसची झाले. हर्णैचा माझा भाऊ म्हणतो, एकतर त्याने यावं, नाहीतर तुला बोलवावं, नाहीतर मोकळं करावं. त्यांना विचारून येत्या बोटीने जबाब द्या. जबाब नाही आला तर मी समजेन, तिकडे दुसरं घर केलंय. आणि एक सांगायचं राहिलं. फोटोतला कोट ओला दिसतो. पहिल्या वर्षी नुसत्या बाह्या ओल्या होत्या. आता गळ्यापर्यंत आहे. तिकडे एवढा पाऊस असतो का?'

बदरुद्दीनने चारही निगेटिव्ह काढून झरोक्याखाली धरल्या. कोट कोरडा होता. तिकडच्या दमट भिंतीवर कागद फुगला असेल, त्याने स्वतःला समजावलं. बोट शुक्रवारी सुटणार होती.

५

खरं लिहायचं, की आणखी एक फोटो करायचा? मनुष्य एकदा खोट्याच्या वाटेला लागला की तीच वाट पायाखालची वाटते. बदरुद्दीनने मनाशी मजकूर जुळवला: वली तेलाच्या जहाजावर लागला आहे, दोन वर्षं येणं नाही. लियाकतला पुन्हा कोटात बसवलं.

"दरवर्षी माझाच का लाइट बघतोस, मास्टर?" लियाकतने विचारलं.

"तू हलत नाहीस म्हणून."

मंगळवारी दुपारी पाचवा फोटो त्याने घोड्याशेजारी टाचला आणि आधी बाईचं काम संपवू म्हणून भिंग डोळ्याला लावलं.

पत्र्यातल्या खोलीत आता रेघ नव्हती. खांदे होते. माणूस दारातून आत आला होता, जमिनीच्या मध्यापर्यंत. त्याच्या अंगात काहीतरी काळं, जड होतं, आणि बाह्या हातांपेक्षा लांब लोंबत होत्या. चेहऱ्याच्या जागी लोखंडाची नुसती चकाकी. टप, मागे आवाज झाला. टप.

तो वळला नाही. भिंग खाली ठेवलं, डोळे मिटले, आणि चार वर्षं कुणालाच न सांगितलेली गोष्ट त्याच्यासमोर उभी राहिली.

जहूरने दाराशी बसून सांगितलं होतं: "नाखवा म्हणाला, कमरेएवढं पाणी आहे, उतरा. पाणी होतं दोन पुरुष. आम्ही सगळ्यांनी कपडे काढून गाठोडी डोक्याला बांधली होती. वली कोट काढीना. मी बोललो, अरे वेड्या, काढ. तर बोलला, भाईनी कळवलंय, कोट घालूनच उतर. कोटात असलास की किनाऱ्यावरचे अस्करी शिपाई तुला कारकून समजून सलाम करतील, कुणी हात लावणार नाही."

ते बदरुद्दीननेच कळवलं होतं. रत्नागिरीच्या शिंप्याकडून जाड लोकरीचा कोट शिवून घे, असंही कळवलं होतं, आणि त्यासाठी पैसे पाठवले होते. वली भाट्याच्या खाडीत वाढलेला. उघड्या अंगाने तो ते पाणी हसत कापून आला असता. थोरल्याचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. तेवढाच एक मोडला असता तर.

आणि त्यानंतर चार वर्षं, दरवर्षी एकदा, बदरुद्दीनने पुन्हा तोच कोट त्याच्या अंगावर चढवला होता.

६

बुधवारी दुपारची, जोहरची नमाज पढून तो परत आला. बाजार बंद झाला, लियाकत वर गेला. स्टुडिओतली जमीन दारापासून घोड्यापर्यंत काळपट दिसत होती. ओल असेल. देऱ्याच्या जमिनीला खाडीची ओल चढतेच.

तो घोड्यासमोर बसला. भिंगाची गरज उरली नव्हती. छातीच्या पत्र्यात, त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या प्रतिबिंबामागे, कुणीतरी लगत उभं होतं. तेलरंगाच्या जुन्या चित्रात आपलं डोकं कसं दिसेल, हा प्रश्न मनात आला आणि तिथेच विरला. मानेवर खारट, गार वारा येत होता. श्वासाचा आवाज नव्हता, नुसतं पाणी निथळत होतं. ओल्या लोकरीचा वास त्याच्या ओळखीचा नव्हता. त्या मुलखात लोकर कधी भिजतच नाही.

पळावं असं त्याला फार वाटलं. पण मागे उभा असलेला काहीच करत नव्हता. तो वाट बघत होता. लहानपणी शाळेतून भिजून आला की असाच मुकाट मागे येऊन उभा राहायचा, थोरला सांगेपर्यंत सदरा काढायचा नाही.

बदरुद्दीनने ब्रश खाली ठेवला.

"वली," तो म्हणाला, "कोट काढ रे."

काही हललं नाही.

"मी चुकलो, बाबा. मीच चुकलो. काढ तो."

न वळताच त्याने दोन्ही हात खांद्यांवरून मागे नेले, रोज गिऱ्हाइकाचा कोट उतरवून घेताना करायचा तशी बोटं वाकवून. बोटांना ओली कॉलर लागली. ती सोडवताना एक गार कान आणि मानेवरचे बारीक केस त्याच्या बोटांना ओझरते लागले. मग सगळं वजन हातांवर आलं. एवढं वजन एका कोटाला असतं हे त्याला माहीत नव्हतं. खांदे निखळतील असं वाटलं. आणि लोखंडाच्या पत्र्यात, क्षणभरच, एक उघडा सावळा खांदा दाराकडे वळताना दिसला.

हात रिकामे झाले. तो वळला तेव्हा पडदा हलत होता. स्टुडिओचा कोट खुंटीवर होता, कोरडा ठणठणीत. बदरुद्दीनच्या बाह्या मात्र कोपरापर्यंत चिंब होत्या, आणि त्याने जिभेला लावून पाहिलं तर पाणी खारं होतं.

पाचवा फोटो त्याने तिथेच फाडला. संध्याकाळी खरं पत्र लिहिलं, जहूरने सांगितलेलं आणि स्वतः कळवलेलं, एक अक्षर न गाळता. शुक्रवारी ते बोटीवर चढलं. शनिवारी मिसेस लँगली येऊन दोन्ही चित्रं घेऊन गेली. नक्कल तिला आवडली. "खिड़की बहुत अच्छा बना," ती म्हणाली. तिला पत्र्यात खिडकीच दिसत होती, आणि आता बदरुद्दीनलाही तेवढीच दिसली.

७

पुढच्या बोटीने रुकय्याचं पत्र आलं. बदरुद्दीनला आधी वाटलं, जबाब आला. मग वरची तारीख पाहिली. ते त्याच बुधवारी लिहिलेलं होतं. त्याचं पत्र तेव्हा बोटीवर चढलंही नव्हतं.

'भाई, सलाम. सायरा लिहिते आहे, मी सांगते आहे. आज दुपारी मी पडवीत तांदूळ निवडत होते. बाहेर पाऊस होता. ते अंगणात उभे होते. अंगावर कोट नव्हता. मी विचारलं, कोट कुठे? म्हणाले, भाईनी उतरवून घेतला. मी आत या म्हणाले, आले नाहीत. एवढ्या पावसात अंग कोरडं होतं, भाई. मी नीट पाहिलं. मग नव्हते. मी बांगड्या उतरवल्या आहेत आणि विधवेच्या इद्दतीला बसले आहे. काय झालं ते तुम्हाला सांगवेल तेव्हा सांगा. माझा तुमच्यावर राग नाही, पण फोटो आता पाठवू नका.'

बदरुद्दीन पत्र घेऊन खालीच बसला आणि हमसून हमसून रडला. लियाकत वरून धावत आला. चार वर्षांत पहिल्यांदाच बदरुद्दीनने त्याला सगळं सांगितलं. लियाकतने जाऊन जहूरला बोलावून आणलं.

जुम्म्याच्या दिवशी तिघे मशिदीत लवकर गेले. मौलवी बाणकोटचे, वयस्कर, ऐकायला जरा कमी. बदरुद्दीनने त्यांच्या कानाशी वाकून विनंती केली: भावाचा जनाजा गायबाना, म्हणजे देह समोर नसताना पढायची नमाज, पढवायची आहे.

"इन्ना लिल्लाह. मय्यत कुठे आहे?"

"समुद्रात. खोरफक्कानला."

"कधी वारला?"

"चार वर्षं झाली."

मौलवींनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच समजलं नव्हतं.

"चार वर्षं? मग आजवर ठेवलास कुठे त्याला?"

बदरुद्दीन मागे सरकला आणि जहूरच्या शेजारी, नमाजाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.